ताई वाचणार नाही असा अंक

जुलै लागला की मराठी कथालेखकाचं डोकं फिरतं. मध्यंतरी इतकी यंत्रं आली, पण या दुखण्यावर कुणाला औषध सापडलं नाही. कथा लिहून झालेली असते, शेवटही बऱ्यापैकी जमलेला असतो, आणि मग प्रश्न पडतो, पाठवायची कुठे? या दिवाळी अंकाचा संपादक वेळेवर छापतो, पण कात्री लावतो. त्या अंकाचा संपादक कात्री लावत नाही, कारण तो वाचतच नाही. एकच कथा दोघांना पाठवावी तर ते महापाप. एकदा बोभाटा झाला की पुढची दहा वर्षं कुणी दारात उभं करत नाही. मग लेखक बसतो कुढत, मुलीसाठी स्थळं बघणाऱ्या बापासारखा.

निनाद वेल्हाळला हे कुढणं सवयीचं होतं. पुण्यात वारज्याला राहायचा, कॉलेजात भूगोल शिकवायचा आणि वर्षाला एक कथा लिहायचा. एकच, पण घोटून. ती दिवाळीत कुठल्या तरी अंकात यायची आणि भाऊबीजेला तो अंक घेऊन तो कऱ्हाडला मंजूताईकडे जायचा. ताईनं ओवाळलं की अंक तिच्या ताटात ठेवायचा. साडी नाही, पाकीट नाही. ही ताईचीच अट. "साड्या माझ्या मला घेता येतात. तू गोष्ट आण," असं तिनं त्याच्या पहिल्या कथेच्या वेळी बजावलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरातली ओवाळणी म्हणजे कथा.

मंजूताई त्याच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, बियाणांच्या कंपनीत नोकरी केली, कऱ्हाडच्याच शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आईला घेऊन राहिली. शिक्षण बेताचं, पण वाचणं असं की भल्याभल्या समीक्षकांनी तिच्या घरी पाणी भरावं. भाऊबीजेनंतर आठवड्याभरानं तिचा फोन यायचा. "छान झालीये रे. पण तो नवरा स्टेशनवर रडतो ना, तिथे तू खोटं बोललायस." निनाद आधी चिडायचा, मग ते पान काढून बघायचा आणि गप्प बसायचा. ताईचा नेम कधी चुकला नाही.

आता यंत्राबद्दल सांगायला हवं.

आपल्याला वाटतं की वाचताना डोळा ओळीवरून सरकतो. तसं नसतं. डोळा उड्या मारतो. एका शब्दावर क्षणभर टेकतो, दोन शब्द ओलांडून पुढे जातो, काही खुपलं तर मागे येतो. बाहुली कुठे मोठी होते, कुठे लहान होते. हे सगळं माणसाच्या नकळत चालतं आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. कागद महागल्यावर लोक वाचनपाटीवर वाचायला लागले; दिवाळी अंक तेवढे पाटीवर आणि कागदावर दोन्हीकडे निघत. या पाटीच्या कडेला मोहरीएवढा कॅमेरा असे आणि तो वाचणाऱ्याचे डोळे टिपून ठेवी. एका माणसाचं काही वर्षांचं वाचन असं साठलं की गणितानं त्याची एक नक्कल उभी करता यायची. त्या माणसानं न वाचलेली कथा त्या नकलेपुढे ठेवली, तर तो कुठे रेंगाळेल, कुठे मागे येईल, कुठे कंटाळून पाटी मिटेल, हे ती नेमकं सांगायची. का, ते मात्र सांगायची नाही. तिला मन नव्हतं, नुसती डोळ्यांची सवय होती. लोक तिला छाया म्हणत.

मग 'ठावठिकाण' नावाची सेवा निघाली. लेखकानं कथा टाकायची, सेवा ती लाखभर निनावी छायांकडून क्षणात वाचून घ्यायची आणि कौल द्यायची, की ही अमक्या अंकाच्या वाचकांना रुचेल, तमक्याच्या वाचकांना झेपणार नाही. संपादकही चोरून हाच कौल बघत. लेखकांनी आधी नाकं मुरडली, मग एकेक करून सगळे तिथेच गेले.

छाया निनावी असत, पण आपली छाया आपल्या माणसाला नावानिशी देता यायची. मंजूताईनं ती भावाला देऊन टाकली होती. "माझे डोळे कधी साथ सोडतील सांगता येत नाही. तुला वाचक तर हवाच ना?" असं म्हणून तिनं पाटीवर अंगठा उठवला होता. निनादनं ती छाया आजवर वापरली नव्हती. खरी ताई होती की.

यंदाची कथा मात्र वेगळी होती. तिचं नाव 'सुटका', आणि ती ताईचीच होती.

आईनं शेवटची पाच वर्षं अंथरुणात काढली. ताईनं नोकरी सोडली. मळमूत्र, औषधं, पाठीवरच्या जखमा, सगळं तिनं एकटीनं केलं. निनाद गणपतीत दोन दिवस आणि दिवाळीत दोन दिवस जायचा. एरवी परीक्षा असायच्या, पेपर तपासायचे असायचे, काहीच नसलं तर रस्ते खराब असायचे. शेवटच्या तीन महिन्यांत तर तो एकदाही गेला नाही. आई गेल्यावर पुढच्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता ताई त्याला म्हणाली होती, "निनू, मी आईला एकदा ओरडून म्हटलं, आता सुटका कर गं माझी. तिनं ऐकलं. माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी गेली." आणि मग म्हणाली, "कुणाला बोलू नकोस हं."

"वेडी का काय तू? कुणाला सांगतोय मी," निनाद म्हणाला होता.

त्यानं सांगितलं नाहीच. लिहिलं.

आणि लिहिलं ते असं, की वाचून त्यालाच भरून आलं. कथेतली मोठी बहीण कष्टाळू होती, पण करवादलेली, तोंडानं फटकळ. तिच्या तोंडचं ते वाक्य जसंच्या तसं होतं. आणि कथेत एक धाकटा भाऊ होता. तो दर शनिवारी गाडी पकडून यायचा, आईच्या उशाशी बसायचा, तिचे केस विंचरायचा. शेवटी बहीण त्याच्यापाशी कबुली देते आणि तो तिला पोटाशी धरून माफ करतो.

ऋतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कथा वाचली आणि पाटी टेबलावर ठेवली.

"चांगली झालीये," ती म्हणाली. "पण तू कधी रे बसलास उशाशी?"

"अगं, कथा आहे ती. थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं."

"ताईंचं बरं नाही केलंस काही इकडचं तिकडे?"

निनादनं चहाचा कप उचलला आणि तो रिकामा आहे हे कळूनही तोंडाला लावला. ऋता ऑफिसला निघून गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं. ताईला ही कथा वाचायला द्यायची कशी? ती ओरडणार नाही, भांडणार नाही. भांडली असती तर बरं. पण तिचं वाक्य छापलेलं बघून तिला काय वाटेल? आणि कथा तर अशी उतरली होती, की आयुष्यात एवढी चांगली त्यानं लिहिली नव्हती. ती पेटीत ठेवून द्यायची?

कळायला मार्ग होता. त्यानं ताईची छाया उघडली आणि कथा तिच्यापुढे ठेवली.

पडद्यावर ओळींवरून एक ठिपका उड्या मारू लागला. निनाद बघत बसला. ठिपक्याची ढब ताईची होती. संवाद भरभर, वर्णनं सावकाश. आता ते वाक्य येणार म्हणून निनादनं श्वास रोखला. ठिपका तिथे टेकला. खूप वेळ टेकला. आणि पुढे गेला.

गेला पुढे! निनादला हायसं वाटलं. दोन पानं आणखी सरली. मग ठिपका एका ओळीवर अडला, मागे आला, पुन्हा त्याच ओळीवर गेला, पुन्हा मागे आला. ती ओळ अशी होती, 'धाकटा दर शनिवारी यायचा आणि आईच्या उशाशी बसायचा.' ठिपका तिथून हलेना. मग तो विझला. खाली अक्षरं आली, की या वाचकाकडून कथा इथे मिटली जाण्याची शक्यता फार मोठी आहे.

निनादचे कान तापले. घरात कुणी नव्हतं, तरी कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखा तो उठून उभा राहिला. स्वतःचं पाप छापलेलं ताई सोसणार होती. त्याचं पुण्य तिला सोसणार नव्हतं.

मग त्यानं एक चांगलं काम केलं, ते त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यानं भाऊ काढून टाकला. कथेत उरली आई, उरली बहीण आणि न वाजणारा फोन. दुपारभर बसून त्यानं ती नीट बांधली आणि छायेपुढे ठेवली. ठिपका सरळ शेवटपर्यंत गेला. शेवटच्या ओळीवर थांबला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जाऊन वाचायला लागला.

इथे थांबला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण लेखकाची जात! कौल घेतल्याशिवाय राहवेना. त्यानं ती नवी कथा ठावठिकाणाला दाखवली आणि कौल आला, की 'पाणवठा', ज्या अंकात छापून यावं म्हणून तो वर्षानुवर्षं झुरत होता, त्याचे निम्मे वाचक चौथ्या पानावर पाटी मिटतील. फार कोरडी. फार एकटी. भाऊ असलेली जुनी कथा टाकली, तर तेच वाचक शेवटपर्यंत जात होते आणि डोळे ओले करत होते.

निनादनं भाऊ परत घातला.

स्वतःची समजूत काढायला त्याच्याकडे शब्दांचा काय तुटवडा? कथा ही कथा असते, वास्तव वेगळं, कलेचं सत्य वेगळं, हे तो वर्गातसुद्धा सांगायचा, भूगोल शिकवताना. पण 'पाणवठा' ताईकडे दरवर्षी यायचा. तिथे पाठवणं म्हणजे तिच्या हातात देणंच. मग त्यानं ठावठिकाणाला एक प्रश्न विचारला. लेखकाला वाचक मिळवून देणाऱ्या त्या यंत्राला असा उफराटा प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. त्यानं विचारलं, ही कथा उत्तम वाचली जाईल, पण या एका छायेपर्यंत पोचणार नाही, असा अंक कोणता?

यंत्राला लाज नसते. त्यानं उत्तर दिलं, 'नर्मदाकाठ'. जबलपूरकडच्या मराठी माणसांनी चालवलेला अंक. महाराष्ट्रात येत नाही. वाचक थोडे, वयस्कर, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वसलेले किंवा नोकरीपायी गाव सोडून गेलेले. कथेला त्यांचा कौल मात्र असा होता, की 'पाणवठ्या'नं मान खाली घालावी.

त्यानं कथा तिकडे पाठवली आणि तिथल्या संपादिका पागेबाईंचा आठवड्यातच फोन आला.

"वेल्हाळ, अहो, काय लिहिलंयत! मी रडले हो. माझी आई साताऱ्याला वारली आणि मी इकडे. हे तुमचं स्वतःचंच ना? तो भाऊ?"

"म्हणजे... अनुभवातूनच येतं ना सगळं," निनाद म्हणाला.

"मग मी खाली एक ओळ टाकते. लेखकानं आपल्या आईची अखेरच्या दिवसांत केलेली सेवा या कथेमागे आहे, अशी. चालेल?"

नको म्हणायला एक क्षण पुरतो. निनादनं तो जाऊ दिला. "बघा तुम्ही," तो म्हणाला, आणि पागेबाईंनी बघितलं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी अंक निघाला आणि निनादला निरोप येऊ लागले. भोपाळहून, रायपूरहून, कुठून कुठून. एका निवृत्त इंजिनिअरांनी लिहिलं होतं, 'माझा थोरला भाऊ तिकडे आईचं करत होता, मी फक्त पैसे पाठवले. तुम्ही उशाशी बसलात. तुम्हाला साष्टांग नमस्कार.' दुसऱ्या एक बाई म्हणत होत्या, 'तुमच्यासारखा मुलगा प्रत्येक आईला मिळो.' पहिले दोन निरोप त्यानं वाचले. मग तो वाचेनासा झाला. पाटी वाजली की तो ती पालथी घालायचा. ज्या माणसांनी त्याच्यासारखंच केलं होतं, ती माणसं त्याच्या पाया पडत होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते निनादला त्या आठवड्यात समजलं.

"उत्तरं तरी दे त्यांना," ऋता म्हणाली.

"काय देऊ?"

"खरं काय ते."

"तू येऊ नकोस भाऊबीजेला," निनाद एकदम म्हणाला. "मी एकटाच जातो."

ऋतानं त्याच्याकडे बघितलं आणि कपाटातून एक कोरी इरकल साडी काढून त्याच्या पिशवीत ठेवली. तिला ठाऊक होतं, की यंदा त्याच्याकडे ताटात ठेवायला काही नाही.

कऱ्हाडला सकाळी उन्हं कोवळी होती. ताईनं दार उघडलं, त्याच्या मागे ऋता दिसते का बघितलं आणि त्याला आत घेतलं. पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती. तिनं टिळा लावला, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन ओवाळलं. निनादनं पिशवीतून साडी काढून ताटात ठेवली. ताई साडीकडे बघत राहिली.

"रंग छान आहे," ती म्हणाली.

तिनं बासुंदी केली होती. निनाद खाली मान घालून जेवत होता. ताई समोर बसली होती, वाढत होती, गावातल्या लोकांचं सांगत होती. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "यंदा नाही का रे लिहिलंस काही?"

"वेळच नाही झाला, ताई. नवा अभ्यासक्रम आलाय, त्यात..."

"असू दे, असू दे." तिनं त्याच्या वाटीत आणखी बासुंदी घातली.

जेवणं झाली. ताईनं ओट्यावरचं आवरलं, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"निनू, तुला एक सांगू? ती छाया तुला दिली ना मी, तेव्हा नोंद करणाऱ्या मुलीनं मला समजावून सांगितलं होतं. म्हणाली, काकू, तुमची छाया कुणीही वापरली तरी तुम्हाला कळणार. छाया तुमची आहे, तुम्हाला न सांगता तिला कुणी काही विचारायचं नाही, असा कायदा आहे म्हणे."

निनादनं अटी वाचल्या नव्हत्या. अटी कोण वाचतं? दुसऱ्याच्या मनात शिरायला निघालेला माणूस तर मुळीच वाचत नाही.

"जुलैत माझ्या पाटीवर आलं," ताई सांगत होती. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तू मला एक कथा वाचून दाखवलीस, असं आलं. मला केवढा आनंद झाला. म्हटलं, घाईला आलाय, भाऊबीजेपर्यंत धीर नाही धरवत. संध्याकाळी पुन्हा आलं, आणखी एकदा दाखवली. आणि मग तिसरं आलं." ती थांबली. "तू विचारलं होतंस, मी कुठे पोचणार नाही."

"ताई..."

"गोष्ट नाही दिसत त्यात. नुसतं काय विचारलं ते दिसतं." तिनं साडीची घडी नीट केली. "मी म्हटलं, असेल काही. सांगेल आपणहून. श्रावण गेला, गणपती गेले. म्हटलं, भाऊबीजेला सांगेल."

"तू वाचलीस?" निनादचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"कुठे आलीय ते शोधायला कितीसा वेळ लागतो? चार फोन केले असते." ताईनं मान हलवली. "पण नाही वाचली. तुला नकोय ना मी वाचायला, मग कशी वाचू?"

निनादला वाटलं, हिनं थोबाडीत द्यावी. हिनं हाकलून द्यावं, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणावं. काय वाटेल ते करावं, पण असं समोर बसून त्याची बाजू सांभाळू नये. आजवर कितीएक माणसं त्यानं कागदावर रडवली होती. आत्ता त्याला जागेवर बसवेना आणि उठवेना.

"बाकी काही विचारत नाही," ताई म्हणाली. तिचे डोळे त्याच्यावर टेकले होते आणि हलत नव्हते. "एकच सांग. मी त्यात फार वाईट आहे का रे?"

'नाही गं' हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. सोपे होते, तयार होते. ताईनं तेही ऐकून घेतले असते आणि नंतर कधी त्याला त्याचं खोटं दाखवलं नसतं.

"आहेस," तो म्हणाला. "तू मला मटार सोलताना सांगितलंस, ते सगळं आहे त्यात. तुझ्याच शब्दांत." त्याला मान वर करता येईना. "आणि मी चांगला आहे, ताई. खूप चांगला. मी दर शनिवारी येतो त्यात. आईचे केस विंचरतो. तुला माफ करतो."

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी ओवाळणं चाललं होतं, बायका हसत होत्या. ताईनं पदरानं चष्मा पुसला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "कुणीतरी यायला हवंच होतं रे."